थेंबाने वापरायचे तेल

वनस्पतींच्या पानांत, फुलांत, बियांत, सालींत किंवा मुळांत असणारे आणि वाफेबरोबर उडून येणारे सुगंधी द्रव्य म्हणजे बाष्पनशील तेल. बाजारात ते इसेन्शियल ऑइल या नावाने विकले जाते. करडई, तीळ किंवा शेंगदाणा यांच्या तेलाशी त्याचे नाते नावापुरतेच आहे. करडईच्या तेलाचा थेंब कागदावर पडला तर डाग कायम राहतो. शुद्ध निलगिरी तेलाचा थेंब काही वेळात उडून जातो आणि कागद पुन्हा कोरडा होतो. घाण्याच्या तेलात स्निग्ध पदार्थ असतो, यात तो नसतो. औषधाच्या दुकानात किंवा आरोग्य केंद्रात काम करणाऱ्यांना हा फरक वारंवार समजावून सांगावा लागतो, कारण तेल म्हटले की माणूस ते तळहातावर ओतून घेतो. हे तेल मात्र थेंबाने मोजायचे असते.

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यातले चारठाणा हे यादवकालीन मंदिरांसाठी आणि बारवेसाठी ओळखले जाणारे गाव. आसपासची शेती कापूस, सोयाबीन आणि तुरीची. येथे इसेन्शियल ऑइल हा शब्द क्वचितच कोणी उच्चारेल, पण या तेलांशिवाय एकही घर सापडणार नाही. देवघरात कापूर असतो, मिसळणाच्या डब्यात ओवा आणि लवंग असते, फळीवर बामची डबी असते, परसात गवती चहा असतो आणि तान्हे मूल असेल तर ग्राइप वॉटरची बाटली असते. या प्रत्येक वस्तूचा गुण तिच्यातील बाष्पनशील तेलामुळे येतो. त्यामुळे गावपातळीवर आरोग्याचे काम करणाऱ्या आशाताई, आरोग्यसेविका आणि औषधविक्रेते यांचा या तेलांशी येणारा संबंध रोजचा आहे. कोणते तेल कशासाठी उपयोगी पडते आणि कोठे थांबावे, याची त्यांची जाण पुस्तकाइतकीच कामातून तयार झालेली असते.

सुरुवात ओव्यापासून करावी लागते, कारण पोट दुखले की पहिला हात त्याच डब्याकडे जातो. ओव्याच्या बियांत साधारण २ ते ४ टक्के बाष्पनशील तेल असते आणि त्याचा मुख्य घटक थायमॉल. तेल थंड झाले की थायमॉलचे स्फटिक वेगळे होतात. त्यांनाच ओव्याचे फूल म्हणतात. थायमॉल जंतुनाशक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आकडेकृमीवरचे औषध म्हणून ते जगभर वापरले जात असे. पहिल्या महायुद्धापर्यंत भारतातला ओवा जर्मनीला जाई आणि तेथे त्यापासून थायमॉल बनवले जाई. आज तेच द्रव्य गुळण्या करण्याच्या औषधांत असते. चिमूटभर ओवा मीठ लावून चावणे हा गॅस आणि अजीर्णावरचा साधा, निर्धोक उपाय आहे. अडचण येते ती दुखणे पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला सरकले, ताप आला, उलट्या थांबेनात तरी ओवाच दिला जातो तेव्हा. अशा वेळी आंत्रपुच्छाचा दाह असू शकतो आणि गेलेला प्रत्येक तास महागात पडतो.

बाळंतिणीच्या खोलीत ओव्याच्या जोडीला बाळंतशेपा असतो. त्याच्या तेलाने आतड्याचे आचके सैल होतात, असे मानले जाते. ग्राइप वॉटरमध्ये शेपाचे तेल असते ते याचसाठी. हे औषध इंग्लंडमध्ये विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ मध्ये काढले आणि पुढे ते भारतात घराघरांत पोहोचले. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, पाणीसुद्धा नाही, हा आजचा वैद्यकीय सल्ला आहे. त्यामुळे घरभेटीला जाणाऱ्या आशाताईला येथे जपून बोलावे लागते. शेपा, बडीशेप बाळंतिणीने खावी, बाळाच्या तोंडात काही घालू नये, असे सांगितले की आजींचा मानही राहतो आणि बाळही सुरक्षित राहते. ओव्याच्या धुरीचेही तसेच. निखाऱ्यावर ओवा टाकून बंद खोलीत केलेला धूर नवजात बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना त्रासदायक असतो. शेक हवा असेल तर तो आईच्या कमरेला द्यावा आणि शेगडी बाळापासून लांब, हवा खेळती असलेल्या जागी ठेवावी.

गावात सर्वाधिक खपणारे बाष्पनशील तेल बामच्या डबीत असते. बाम म्हणजे मेणासारख्या पदार्थात मिसळलेले पुदिन्याचे फूल म्हणजे मेंथॉल, कापूर, निलगिरी आणि बहुतेक वेळा गंधपुऱ्याचे तेल. या व्यवसायाचा एक मोठा आरंभ मुंबईत झाला. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन काढले. ते इतके रुजले की खंडाळ्याच्या घाटातील १८३० सालचा पूल त्याच्या जाहिरातीमुळे अमृतांजन पूल म्हणून ओळखला गेला. तो पूल २०२० मध्ये पाडण्यात आला. लाहोरमध्ये पंडित ठाकुरदत्त शर्मा यांनी १९०१ मध्ये अमृतधारा हे औषध काढले. कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल हे तीन कोरडे स्फटिक एकत्र ठेवले की त्यांचे आपोआप पातळ द्रव होते. आजही अनेक घरांत ते बाटलीत करून ठेवतात.

बाम लावल्यावर जो गारवा वाटतो तो त्वचा थंड झाल्यामुळे नव्हे. त्वचेतील आणि नाकातील ज्या चेतातंतूंना थंडी कळते, त्यांच्यावरील ग्राहकाला मेंथॉल जागे करते आणि मेंदूला थंडीचा संदेश पोहोचतो. हा ग्राहक शोधण्यासाठी मेंथॉलचाच उपयोग झाला. त्या कामासह उष्णता आणि स्पर्शाच्या ग्राहकांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. चोंदलेल्या नाकाला बामचा वास दिला की नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण आत जाणारी हवा मोजली तर ती फारशी वाढलेली नसते.

सुगंधी तेलांच्या वापरातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथेच आहे. ही तेले आराम देतात. आराम पडणे आणि बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या उन्हाळ्यात, कापूर, लवंग आणि ओवा यांची पुरचुंडी हुंगल्याने रक्तातील प्राणवायू वाढतो असा संदेश मोबाइलवरून सगळीकडे फिरला. पुरचुंडी हुंगणाऱ्याला मोकळे वाटत असे हे खरे, पण त्याचा प्राणवायू वाढतो याला कोणताही आधार नव्हता. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा दाखवणे आणि ‘बरं वाटतंय’ म्हणणाऱ्या माणसाला दवाखान्यात जायला राजी करणे, हे त्या काळात गावोगावच्या आरोग्यसेवकांचे सर्वांत अवघड काम ठरले. त्या अनुभवाने आराम आणि उपचार यांतील फरक कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा पक्का शिकवला.

आराम ही क्षुल्लक गोष्ट मात्र नाही. ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीत कपाळावर आणि कानशिलांवर १० टक्के पुदिना तेलाचे द्रावण लावले असता पॅरासिटामॉलच्या तोडीचा आराम मिळतो, असे जर्मनीतील अभ्यासात दिसले. कापूस वेचून, सोयाबीन काढून किंवा ऊसतोडीवरून परतलेल्या माणसाची कंबर धरलेली असते. बाम चोळला की तासभर बरे वाटते, झोप लागते आणि दुसऱ्या दिवशी काम होते. चोळणाऱ्या हाताचा गुणही त्यात असतोच. पण दुखणे पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल किंवा रोजच डोके दुखत असेल, तर डब्या संपवत राहण्यापेक्षा तपासणी करून घेणे योग्य. नुसता रक्तदाब मोजला तरी अनेकदा जुन्या डोकेदुखीचे कारण सापडते.

अंगदुखीच्या बाममधील गंधपुऱ्याच्या तेलाबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. या तेलात जवळजवळ सगळा भाग मिथाइल सॅलिसिलेटचा असतो आणि ते ॲस्पिरिनच्या कुळातले आहे. त्याचे ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा, साधारण ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतके भरते; ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक गोळ्या एकदम घेण्यासारखे. रक्त पातळ करण्याची औषधे चालू असलेल्यांनी असा बाम अंगभर चोळू नये. बाम लावून त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, कारण उष्णतेने तेल जास्त शोषले जाते आणि त्वचेवर फोड येतात. दुखऱ्या गुडघ्यावर दोन्ही उपाय एकदम करण्याची सवय गावात सर्रास आढळते.

सर्दी-पडशात वाफारा घेणे उपयोगाचे आहे. त्यातला मुख्य गुण वाफेचा. निलगिरीचे एक-दोन थेंब त्याला साथ देतात. निलगिरी तेलातील सिनिओल हा घटक चिकट कफ सुटायला मदत करतो. पण पातेल्यात चमचाभर तेल ओतले तर डोळे चुरचुरतात, घसा आवळतो आणि दम्याच्या रुग्णाला धाप लागू शकते. वाफाऱ्यातला खरा अपघात वेगळाच असतो. मूल मांडीवर घेऊन, अंगावर चादर ओढून, समोर उकळते पातेले ठेवले जाते. मूल हात झटकते आणि पाणी सांडते. म्हणून लहान मुलांना पातेल्यावर वाफ देऊच नये. दोन वर्षांखालील मुलांना कापूर-मेंथॉल असलेला बाम छातीलाही लावू नये, आणि नाकाखाली तर कधीच नाही. तान्ह्या बाळाचा श्वास त्याने अडखळू शकतो. नाक चोंदलेल्या बाळासाठी मिठाच्या पाण्याचे नाकात टाकायचे थेंब पुरेसे असतात.

दाढ ठणकली की लवंगेचे तेल लावतात, आणि या उपायाला दंतवैद्यकाचाही आधार आहे. लवंगेच्या कळीत १५ ते २० टक्के तेल असते आणि त्यात युजेनॉल हा घटक सर्वाधिक. युजेनॉल नस बधिर करते. झिंक ऑक्साइडमध्ये मिसळून त्याचे तात्पुरते सिमेंट दंतवैद्य आजही वापरतात. घरी वापरताना कापसाचा छोटा बोळा तेलात बुडवावा, पिळून घ्यावा आणि फक्त किडलेल्या दाढेच्या खड्ड्यात ठेवावा. हिरडीवर किंवा गालाच्या आत तेल लागले तर तेथे पोळते. दाढ शांत झाली म्हणजे कीड थांबली असे नसते. मिश्री आणि तंबाखूची सवय जेथे मोठी आहे तेथे तोंडातली न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा तेल लावून झाकणे विशेष धोक्याचे. दोन-तीन आठवड्यांत जखम भरली नाही तर ती डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

गवती चहा आणि त्याच्या जातीची इतर गवते हा या विषयाचा शेतीकडे जाणारा धागा. गवती चहाच्या तेलात ७५ टक्क्यांच्या आसपास सिट्रल असते. लिंबासारखा वास त्याचाच. सिट्रोनेला हे त्याचे भावंड डासांना पळवते, पण त्याचा परिणाम तास-दोन तासच टिकतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे सुगंधी तेल लावले म्हणून पाण्याची टाकी कोरडी करायचे टाळून चालत नाही. मच्छरदाणी आणि आठवड्याचा कोरडा दिवस हेच पहिले उपाय.

याच कुळातले रोशा गवत, म्हणजे तिखाडी, दख्खनच्या डोंगरउतारावर आपोआप उगवते. खानदेशात, विशेषतः नंदुरबारच्या परिसरात, त्याच्या तेलाचा मोठा धंदा होता. पावसाळ्यानंतर गवत फुलोऱ्यावर आले की ओढ्याकाठी भट्टी लागे. मोठ्या हंड्यात गवत आणि पाणी उकळत, आणि बांबूच्या नळीतून निघणारी वाफ वाहत्या पाण्यात बुडवलेल्या भांड्यात थंड होई. पाण्यावर तेल तरंगे, ते काढून घेत. हे तेल मुंबईच्या बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या महाग अत्तरात मिसळले जाई. युरोपात त्याला तुर्की जिरेनियम म्हणत. ते खानदेशातल्या डोंगरांतून आलेले असे. रोशाचे तेल आखडलेल्या सांध्यांना चोळण्याची रीत जुनी आहे.

आज भट्टी लोखंडी किंवा स्टीलची असते, वाफ वेगळ्या बॉयलरमधून येते, पण तत्त्व तेच. लखनौची सीमॅप ही संस्था १९५९ पासून या पिकांवर काम करते, आणि केंद्राच्या अरोमा मिशनमध्ये मराठवाड्याचाही समावेश झाला. गवती चहा एकदा लावला की चार-पाच वर्षे कापण्या मिळतात, आणि उग्र वासामुळे जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. जिंतूरच्या डोंगराळ पट्ट्यात रानडुक्कर आणि रोही यांच्यामुळे पिके जातात, तेथे ही गोष्ट महत्त्वाची ठरते. मात्र जवळ भट्टी आणि खात्रीचा खरेदीदार नसेल तर हे पीक घेऊ नये. गवत दूर नेण्याचा खर्च तेलाच्या किमतीत निघत नाही.

भट्टीवर काम केलेल्याला या तेलांची ताकद सांगावी लागत नाही. शंभर किलो ओल्या गवती चहातून अर्ध्या किलोच्या आसपास तेल मिळते, अनेकदा त्याहून कमी. म्हणजे एका थेंबात सुमारे दहा ग्रॅम गवताचा अर्क असतो. चहात दोन पाती टाकणे निर्धोक आहे म्हणून चहात तेल टाकणे निर्धोक ठरत नाही. जेवणातल्या ओवा, लवंग, पुदिना यांचे प्रमाण जीभच ठरवते. बाटलीतल्या तेलाचे प्रमाण माणसाने मोजावे लागते. त्याचे माप सोपे आहे. अंगाला लावायचे असेल तर ३० मिलिलिटर घाण्याच्या तेलात १२ थेंब, म्हणजे सुमारे २ टक्के. चेहऱ्यासाठी, म्हाताऱ्या माणसांसाठी आणि नाजूक त्वचेसाठी त्याच्या निम्मे. त्यासाठी वेगळे महागडे तेल आणायची गरज नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ ही करडईची जात दिली त्याच भागात करडईचे तेल घरात असते, आणि ते या कामाला उत्तम चालते. प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबावे. खाज किंवा लाली आली तर ते तेल आपले नव्हे. लिंबाचे तेल लावून उन्हात जाऊ नये, त्वचेवर काळे डाग पडतात. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना डॉक्टरांना विचारल्याखेरीज कोणतेही तेल वापरू नये.

मनाच्या स्वास्थ्यासाठी होणारा वापर साधा आणि बराचसा सुरक्षित आहे. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकणे, कूलरला वाळ्याची ताटी लावणे, उशाला मोगऱ्याची फुले ठेवणे, परभणीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसातून आणलेला अत्तराचा फाया कानात ठेवणे, ही सगळी गंधाने मन निववण्याचीच रूपे आहेत. लव्हेंडरच्या वासाने अस्वस्थता थोडी कमी होते, असे काही अभ्यास सांगतात. मात्र झोप उडणे, जेवण नकोसे होणे, जगण्याची उमेद जाणे अशी लक्षणे आठवडे टिकली तर गंधावर भागत नाही. तेथे समुपदेशन आणि उपचार लागतात.

शेवटी धोक्यांचा भाग. आरोग्य केंद्रात काम करणाऱ्याने तो सर्वांत आधी शिकावा. लहान मुलाच्या पोटात एक ग्रॅमच्या आसपास कापूर गेला तरी जिवाला धोका होऊ शकतो आणि काही मिनिटांत झटके सुरू होऊ शकतात. आरतीच्या मोजक्या वड्यांत एवढे वजन सहज भरते, आणि पांढरी वडी मुलाला खडीसाखरेसारखी दिसते. निलगिरी तेलाचा एक चमचाही लहान मुलाला बेशुद्ध करू शकतो. मोठ्यांनाही धोका आहे: निलगिरी आणि कापूर असलेल्या तेलांच्या वापराने झटके आल्याच्या नोंदी दक्षिण भारतातील मेंदूविकारतज्ज्ञांनी प्रसिद्ध केल्या आहेत. म्हणून ज्यांना फिट येतात त्यांनी असे बाम आणि वाफारे टाळावेत, आणि प्रथमच झटका आलेल्या रुग्णाला बाम, तेल किंवा वाफाऱ्याबद्दल विचारावे. कपाटातल्या डांबरगोळ्या म्हणजे कापूर नव्हे. बाळाच्या कपड्यांत त्या ठेवल्याने काही बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटून कावीळ होते.

मुलाने तेल किंवा कापूर गिळला असेल तर बोट घालून उलटी करवू नये. उलटीबरोबर तेल फुप्फुसात जाते आणि ते अधिक घातक ठरते. दूध, तूप, मीठपाणी पाजण्यात वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि बाटली किंवा डबी बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. काय आणि किती पोटात गेले हे त्यावरून डॉक्टरांना लगेच कळते. बाटली गडद काचेची, घट्ट झाकणाची, चुलीपासून लांब आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर असावी. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत तेल कधीही भरून ठेवू नये.

ओवा, लवंग, गवती चहा, पुदिना हे आपल्या घरातले जुने सोबती आहेत आणि त्यांचा आराम खरा आहे. तो घ्यावा, पण थेंब मोजून, घाण्याच्या तेलात मिसळून आणि मुलांपासून दूर ठेवून. दोन-तीन दिवसांत दुखणे हटले नाही तर डबी बाजूला ठेवावी आणि दवाखान्याची वाट धरावी. आज घरी कापराची डबी आणि निलगिरीची बाटली कोणत्या फळीवर आहे, एवढे प्रत्येकाने एकदा पाहून घ्यावे.